नव्या डिफेन्समधला जुना लाइनबॅकर कसा बघायचा: अमेरिकन फुटबॉलच्या नवख्यांसाठी

वॉशिंग्टनच्या आसपास, म्हणजे अ‍ॅशबर्न, हर्नडन, गेथर्सबर्ग या पट्ट्यात नव्यानं राहायला आलात की फुटबॉलपासून सुटका नाही. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि वॉशिंग्टन कमांडर्सचा पहिला सामना ८ तारखेला होता. मोदकांच्या ताटाशेजारी स्कोअर बघणारे फोन त्या आठवड्यात बऱ्याच घरांत दिसले असणार.

टचडाउन म्हणजे काय, दहा यार्डांसाठी चार संधी कशा मिळतात, हे एका रविवारात समजतं. घोडं अडतं ते चेंडू हातात नसलेल्या संघापाशी. अकरा माणसं चहूकडून धावत येतात, ढीग होतो, शिट्टी वाजते, आणि समालोचक डिफेन्सचं कौतुक करत सुटतो. कौतुक कशाचं, ते काही आपल्याला कळलेलं नसतं.

माझा सल्ला सोपा आहे. अकरा जण बघू नका, एकच बघा: मधला लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या फळीमागे मधोमध उभा राहणारा खेळाडू. तोही शक्यतो मुरलेला, आणि ज्या संघानं नुकताच डिफेन्स बदलला आहे अशा संघातला. कारण नव्या रचनेत बाकीचे सगळे शिकाऊ असतात. एरवी हा माणूस जे मनातल्या मनात करतो, ते त्या वर्षी त्याला ओरडून, बोटं दाखवून, वेळप्रसंगी शेजाऱ्याच्या पाठीला हात लावून करावं लागतं. आपल्याला ते बघता येतं.

उदाहरण म्हणून मी लाइनबॅकर बॉबी वॅग्नर आणि २०२४ चा वॉशिंग्टन संघ घेतला आहे. दुसरा कुठलाही संघ निवडलात तरी क्रम हाच ठेवा.

आधी हाताशी काय हवं

- सामन्याचं रेकॉर्डिंग. थेट प्रक्षेपणावर शिकणं कठीण जातं, मागे-पुढे करता आलं पाहिजे.
- दोन्ही संघांची क्रमांकांसह यादी. संघाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.
- कोण किती प्ले (चेंडू सुटण्यापासून शिट्टीपर्यंतचा एक डाव म्हणजे एक प्ले) मैदानावर होता याचा तक्ता. प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचा असतो.
- जमल्यास ‘ऑल-२२’ चित्रण. उंचावरून बावीसही खेळाडू दाखवणारं हे चित्रण एनएफएल प्लस या लीगच्या स्वतःच्या सेवेच्या वरच्या वर्गणीत येतं. सुरुवातीला त्याची गरज नाही. टीव्हीच्या चौकटीतून मागचे बचावपटू निसटतात, पण मधला लाइनबॅकर सहसा निसटत नाही.

पुण्या-मुंबईहून बघणाऱ्यांसाठी: इथले रविवारी दुपारी एकचे सामने तुमच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे जातात आणि मग तेच साडेअकरा होतात. दर वर्षी कुणीतरी यात फसतं.

१. तो का आला, हे आधी समजून घ्या

२०२३ मध्ये वॉशिंग्टननं ४ सामने जिंकले, १३ हरले. डिफेन्सनं ५१८ गुण दिले, लीगमध्ये सर्वांत जास्त. नोव्हेंबरमध्येच डिफेन्सच्या प्रशिक्षकाला घरी पाठवलं होतं. मोसम संपल्यावर डॅन क्विन मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्यानं डॅलसमधला आपला सहकारी जो व्हिट ज्युनियर याच्याकडे डिफेन्स सोपवला.

मग मार्चमध्ये एका वर्षाच्या करारावर वॅग्नर आला. जून १९९० चा जन्म, म्हणजे मोसम सुरू होताना ३४ वर्षांचा. या जागेवर खेळणाऱ्यांत हे वय म्हणजे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचं. पण क्विन २०१३ आणि २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या डिफेन्सचा प्रशिक्षक होता, तेव्हा त्या डिफेन्सच्या मध्यभागी वॅग्नरच होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेन्व्हरला ४३-८ असं धुऊन त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या वेळी लाइनबॅकरांना शिकवणारा केन नॉर्टन ज्युनियर, तोही २०२४ मध्ये त्याच कामावर वॉशिंग्टनला आला. डॅलसहून डान्टे फाउलर आणि डोरन्स आर्मस्ट्राँग आले, दोघेही क्विनच्या हाताखाली खेळलेले.

म्हणजे डिफेन्स नवा होता तो वॉशिंग्टनसाठी, वॅग्नरसाठी नव्हे. प्रशिक्षकाच्या डोक्यातलं मैदानावर उतरवणारा माणूस विकत घेतला होता. सोबतच आधीच्या राजवटीतले काही जण बाजूला पडले. २०२१ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत निवडलेला लाइनबॅकर जेमिन डेव्हिस याची आधी जागा बदलली आणि ऑक्टोबरमध्ये त्याला सोडूनच दिलं. नव्या डिफेन्सची बातमी वाचताना कोण आलं याबरोबर कोण गेलं हेही बघा. प्रशिक्षकाला नेमकं काय हवंय ते गेलेल्यांच्या यादीवरून लवकर कळतं.

*सापळा:* बातम्यांत ‘४-३ वरून ३-४ वर गेले’ असलं काही वाचलंत की त्यात फार गुंतू नका. पहिला आकडा पुढच्या फळीचा, दुसरा लाइनबॅकरांचा. पण आजकाल बहुतेक वेळ मैदानावर पाच बचावपटू मागे असतात, त्याला निकल म्हणतात, आणि लाइनबॅकर दोनच उरतात. कागदावरची रचना सामन्यात थोडाच वेळ दिसते.

२. मैदानावर त्याला शोधा

क्रमांक ५४. पुढच्या फळीतल्या खेळाडूंचा हात बहुधा जमिनीला टेकलेला असतो. हा त्यांच्या मागे साधारण चार-पाच यार्डांवर, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही पायांवर उभा असतो. त्याच्या हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका दिसेल. तो रेडिओचा ठिपका. डिफेन्सच्या अकरांपैकी एकाच वेळी एकाच्याच हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या संघाच्या सूत्रधाराला, ही सोय १९९४ पासून आहे, डिफेन्सला ती २००८ मध्ये मिळाली.

या ठिपक्यामुळे एक गोष्ट आपोआप ठरते. तो असणारा माणूस मैदानाबाहेर गेला तर आवाज दुसऱ्याच्या हेल्मेटमध्ये न्यावा लागतो, त्यात गोंधळ होतो. म्हणून ठिपका अशालाच देतात जो जवळजवळ प्रत्येक प्ले खेळणार आहे. ३४ व्या वर्षी वॅग्नरला तो मिळाला, यातच प्रशिक्षकाचं त्याच्याबद्दलचं मत आलं.

३. चेंडू हलण्याआधीची चाळीस सेकंदं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. रेकॉर्डिंगमध्ये प्ले संपल्यावर पुढे पळवू नका. खरं बघण्यासारखं तिथेच सुरू होतं.

एक प्ले संपला की पुढच्यासाठी ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. प्रशिक्षक रेडिओवर हुकूम देतो: पुढची फळी कशी उभी राहायची, मागे कोण कुणाला किंवा कुठल्या जागेला धरणार, आणि क्वार्टरबॅकवर कोण धावून जाणार. लाइनबॅकर ते दहा जणांपर्यंत पोचवतो. काही आवाजानं, काही हातांनी, कारण घरच्या मैदानावर डिफेन्स खेळत असताना साठ-सत्तर हजार लोक ओरडत असतात.

घड्याळात १५ सेकंद उरली की रेडिओ बंद होतो. नियमच तसा आहे. यापुढे प्रशिक्षक काही सांगू शकत नाही आणि नेमकं याच वेळात समोरचा संघ आपले पत्ते बदलतो. एखादा खेळाडू या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो. त्याच्यामागे एक बचावपटू धावला तर क्वार्टरबॅकला कळतं की माणसाला माणूस लावलाय. सगळे जागीच थोडे सरकले तर जागा वाटून घेतल्या आहेत. क्वार्टरबॅक हे बघतो, ५४ कडे बोट दाखवून ‘तो माइक’ (मधला लाइनबॅकर) असं आपल्या फळीला सांगतो, म्हणजे कुणी कुणाला अडवायचं हे तिथून मोजायचं. मग कधीकधी आख्खा प्लेच बदलतो.

आता तुमचा माणूस बघा. तोही क्वार्टरबॅककडे बघत असतो. पुढच्या फळीतल्या दोघांना अर्धं पाऊल डावीकडे सरकवतो. मागे हात दाखवून कुणाला तरी खाली बोलावतो. मुद्दाम दोन पावलं पुढे येतो, जणू आता धावूनच जाणार, आणि शेवटच्या क्षणी मागे हटतो. समोरचा संघ प्लेआधी जवळजवळ स्तब्ध राहायला बांधलेला आहे, एका वेळी एकालाच हलायची मुभा. डिफेन्सला मात्र रेषा न ओलांडता हवं तितकं हलता येतं. मुरलेला लाइनबॅकर या सवलतीचा पुरेपूर फायदा उठवतो.

कबड्डी बघितलेल्यांना हे परकं वाटणार नाही. चढाई करणारा आत आल्यावर साखळीतला अनुभवी पकडपटू शेजाऱ्याचा हात दाबून खूण देतो आणि मगच सगळे एकदम पुढे येतात, तसंच काहीसं.

नव्या डिफेन्सच्या पहिल्या महिन्यात ही १५ सेकंदं फार गडबडीची जातात. दोघे एकाच माणसाकडे बघत असतात, तिसरा खांदे उडवत ‘माझं काय?’ असं विचारतो, आणि चेंडू सुटतो. अशा प्लेमध्ये टचडाउन गेला की टीव्हीवर दोष मागच्या बचावपटूला मिळतो. तुम्ही मागे जाऊन शेवटची पाच सेकंदं पुन्हा बघा. फाटलं कुठे ते तिथे दिसेल.

सरावासाठी एक काम: एका क्वार्टरमधले वॅग्नरचे फक्त प्लेआधीचे हातवारे वहीत टिपा. चेंडूचं काय झालं ते लिहूच नका.

४. चेंडू सुटल्यावरची पहिली दोन पावलं

लाइनबॅकर चेंडूकडे बघत नाही. तो समोरच्या फळीतल्या मधल्या तिघांच्या, म्हणजे सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंच्या गार्डांच्या, हेल्मेटकडे बघतो. हेल्मेट खाली गेलं, म्हणजे तो पुढे ढकलतोय: धावता खेळ. हेल्मेट उभं राहिलं, म्हणजे तो मागे हटून क्वार्टरबॅकला वाचवतोय: फेक. एखादा गार्ड आपली जागा सोडून बाजूला पळाला तर चेंडू त्याच दिशेला येणार, बहुतेक वेळा.

सेंटर आणि गार्डमधली फट म्हणजे ए गॅप, त्याबाहेरची बी, मग सी. धावत्या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला एक फट असते. वॅग्नरनं आपली फट गाठली आणि चेंडूवाला ती बघून दुसरीकडे वळून पकडला गेला, तर काम दोघांचं, नोंद एकाची.

*सापळा:* क्वार्टरबॅक चेंडू धावकाच्या हातात दिल्यासारखं करून स्वतःकडेच ठेवतो आणि फेकतो. लाइनबॅकर पुढे धावला की त्याच्या पाठीमागे मोठी मोकळी जागा पडते. इथे जुना माणूससुद्धा फसतो. फसल्यावर वळून किती वेगानं मागे येतो, यावर वय कळतं.

५. हे दोन सामने पाठोपाठ बघा

८ सप्टेंबर २०२४, टॅम्पा. नव्या डिफेन्सचा पहिलाच सामना. टॅम्पाचा क्वार्टरबॅक बेकर मेफील्डनं चार टचडाउन फेकले, वॉशिंग्टन २०-३७ असं हरलं. माणसं जवळ होती, पण सतत अर्धा क्षण उशिरा.

१२ जानेवारी २०२५, तेच मैदान, तोच क्वार्टरबॅक, पण आता प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. चौथ्या क्वार्टरमध्ये वॉशिंग्टन १३-१७ मागे होतं आणि टॅम्पाच्या गोलरेषेच्या तोंडाशी येऊन त्यांची चौथी संधी वाया गेली होती. दोनच प्लेंनी मेफील्डच्या हातून चेंडू देताना सुटला, आणि त्यावर झडप घालणारा होता ५४. तिथून टचडाउन झाला, पुढे सामना २३-२० असा खिशात गेला.

चेंडू सुटणं हा टॅम्पाचा घोळ, त्याचं श्रेय वॅग्नरला नाही. पण त्या क्षणी तो जिथे उभा होता ती जागा बघा आणि मग सप्टेंबरचे टचडाउन बघा. अकराच्या अकरा जण कसे उभे आहेत, कोण बोलतंय, कोण ऐकतंय. चार महिन्यांत काय बदललं हे मला कुठल्याही लेखापेक्षा या दोन रेकॉर्डिंगांनी जास्त शिकवलं. मोसमाचा हिशेब: ३९१ गुण दिले, १२ विजय, ५ पराभव. यात नवा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सचा वाटा मोठा आहे, ते विसरून सगळं डिफेन्सच्या पदरात घालू नका.

६. टॅकलच्या आकड्यावर भाळू नका

चेंडूवाल्याला पकडून पाडणं म्हणजे टॅकल. नवखे सगळ्यात जास्त इथे घसरतात. २०२३ मध्ये वॅग्नर सिअ‍ॅटलमध्ये होता आणि १८३ टॅकलसह लीगमध्ये पहिला आला. त्याच वर्षी सिअ‍ॅटलचा धावता खेळ रोखण्याचा कारभार लीगमधल्या सर्वांत ढिल्यांपैकी होता, आणि संघ प्लेऑफला मुकला. पुढची फळी अडवत नसेल तर चेंडूवाला दुसऱ्या ओळीपर्यंत येणारच, आणि तिथे लाइनबॅकर त्याला पकडणारच. पकड सहा यार्ड गेल्यावर झाली तरी तक्त्यात एक भर पडते.

वॉशिंग्टनमध्ये २०२४ ला आकडा १३२ वर उतरला. त्याच्या शेजारचा फ्रँकी ल्युवू त्या वर्षी आठ वेळा क्वार्टरबॅकला पाडून गेला. मधला माणूस घर सांभाळतोय म्हणून शेजाऱ्याला मोकाट सुटता येतं, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आकड्यांऐवजी प्रत्येक टॅकलवर दोनच प्रश्न विचारा: किती यार्ड गेल्यावर पकडलं? आणि पहिल्या झटक्यात पाडलं का?

७. वय कुठे दिसतं

तिसरी संधी आणि आठ-दहा यार्ड हवेत, असा प्ले आला की थांबवून बघा. सगळ्यांना माहीत असतं की आता फेक येणार. चपळ धावक किंवा उंच टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून फेकही झेलणारा खेळाडू) बाहेरच्या बाजूनं पळतो आणि त्याच्यामागे ३४ वर्षांचे पाय लावणं परवडत नाही. प्रशिक्षकाकडे तीन मार्ग असतात: त्याला मधल्या छोट्या जागेवर राखणदार ठेवायचं, सरळ ए गॅपमधून क्वार्टरबॅकवर सोडायचं, किंवा बाकावर बसवायचं. दुसरा मार्ग वॅग्नरला चांगला जमतो, वेग कमी झाला तरी निघायची वेळ अचूक असते.

जाता जाता: याच वेळेच्या अंदाजावर त्यानं ऑक्टोबर २०१६ मध्ये अ‍ॅरिझोनाविरुद्ध समोरच्याच्या डोक्यावरून उडी मारून फील्ड गोल (गुणांसाठी मारलेली लाथ) अडवला होता. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला आणि पुढच्याच वर्षी लीगनं अशी उडी नियमबाह्य ठरवली.

तक्त्यात तो प्ले सोडून बाहेर बसू लागला की समजा, डिफेन्स त्याच्याभोवती नव्हे, त्याला वगळून आखायला सुरुवात झाली आहे. ही बातमी वर्तमानपत्रात यायच्या आधी तक्त्यात येते.

८. वाईट दिवसही बघा

२६ जानेवारी २०२५, फिलाडेल्फिया. सुपर बोलच्या आधीचा सामना. वॉशिंग्टनविरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्सच्या पहिल्याच प्लेवर सेक्वान बार्कली ६० यार्ड धावत टचडाउन करून आला. शेवट ५५-२३, त्यात सात टचडाउन धावून. ल्युवू तर ईगल्सची गोलरेषेवरची ढकलाढकली थांबवायला रेषेवरून उड्या मारत सुटला. शेवटी पंचांनी ताकीद दिली की आता पुन्हा असं केलंत तर गुण बहाल करू.

हे बघायचं ते एवढ्यासाठी की मधला एक माणूस कितीही जाणता असला तरी पुढची फळी मागे रेटली जात असेल तर त्याच्या हातवाऱ्यांनी काही होत नाही. पुढच्या मोसमात वॉशिंग्टन ५-१२ वर घसरलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये डिफेन्सचे हुकूम देण्याचं काम क्विननं स्वतःकडे घेतलं. वॅग्नर तेव्हाही मधोमध होता.

९. मैदानावर जाणार असाल तर

नॉर्थवेस्ट स्टेडियम मेरिलँडमध्ये लँडोव्हरला आहे. गाडीनं जाऊ नका, परतताना पार्किंगमध्येच रात्र जाते. मेट्रोचं मॉर्गन बुलेवार्ड स्थानक पकडा, तिथून सुमारे मैलभर चालणं. अ‍ॅशबर्नहून सिल्व्हर लाइन थेट जाते, पण काही गाड्या आता न्यू कॅरल्टनकडे वळतात, तेव्हा लार्गोची पाटी बघूनच चढा.

- तिकीट फोनवरच चालतं. बॅटरी भरलेली ठेवा.
- पिशवी पारदर्शक हवी, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. पाठीवरची नेहमीची बॅग दारावरून परत पाठवतात.
- छोटी दुर्बीण.

जागा निवडताना मधल्या महागड्या रांगांच्या मागे लागू नका. गोलरेषेमागच्या वरच्या मजल्यावरची तिकिटं सहसा स्वस्त असतात आणि लाइनबॅकर बघायला तीच उत्तम: फळीतल्या फटी समोरून दिसतात आणि कोण कुणाला सरकवतोय तेही. ज्या टोकाला वॉशिंग्टनचा डिफेन्स तुमच्याकडे पाठ करून उभा असेल, तिथून हेल्मेटवरचा हिरवा ठिपकासुद्धा दुर्बिणीतून दिसतो. क्वार्टर संपला की बाजू बदलतात, तेवढ्यात खाऊन घ्या.